लिनक्स डेस्कटॉपचं वायरवालं नेट पुन्हा पुन्हा तुटतंय? तपासणी या क्रमाने करा

तक्रार बहुतेक वेळा दोनच शब्दांत येते: "नेट जातंय." त्या दोन शब्दांखाली निदान पाच वेगळे दोष असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. म्हणून आधी तुमच्या मशीनवर नेमकं काय होतंय ते ओळखा.

लक्षणं

- पॅनेलवरचं नेटवर्कचं चिन्ह दोन-चार सेकंद तुटलेलं दिसतं आणि आपोआप पुन्हा जोडलं जातं. दिवसातून अनेकदा. टेबल हललं, पाय केबलला लागला की हमखास.
- चिन्ह जोडलेलं दिसतं, पण काहीच उघडत नाही. केबल काढून घातली की चालू होतं, थोड्या वेळाने पुन्हा तेच.
- नेट अखंड चालतं, पण वेग अचानक दहाव्या हिश्श्यावर आलेला असतो.
- कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला, किंवा कॅबिनेट उघडून नवं ग्राफिक्स कार्ड नाहीतर एसएसडी बसवली, आणि पुढच्या बूटला नेटवर्क गायब. कधी बूट होतानाच मशीन दोन मिनिटं अडकून बसतं.
- पिंग (समोरचा पत्ता उत्तर देतो का ते बघणारी छोटी हाक) जातो, पण साइट उघडत नाहीत. काही उघडतात, काही लटकतात. किंवा प्रत्येक साइटवर प्रमाणपत्र अवैध असल्याचा इशारा येतो.

यातलं कुठलं लक्षण तुमचं, ते कागदावर लिहा. नेट तुटलं की घड्याळ बघून वेळही लिहा. ही वेळ नंतर फार कामाची ठरते, कारण कर्नल स्वतःच्या नोंदींमध्ये सेकंदासकट सगळं लिहून ठेवत असतो आणि तुमच्या कागदावरची वेळ त्या नोंदींशी जुळवता येते.

एक विनंती आहे. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, राउटर रीसेट केला आणि सगळं एकाच संध्याकाळी केलं, तर नेट सुरू झालं तरी कशामुळे ते कळत नाही आणि दोष परत आला की सुरुवात पुन्हा शून्यापासून. वैतागून अख्खी प्रणाली नव्याने टाकणारेही मी बरेच पाहिलेत. त्यातल्या अनेकांचा दोष आठवड्याभरात जसाच्या तसा परत आला, कारण तो केबलमध्ये होता.

खालच्या आज्ञा उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ‘ईएनपी३एस०’ हे नाव फक्त उदाहरणासाठी आहे. तुमच्या लॅन कार्डाचं नाव ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दाखवेल.

दोष तुमच्या मशीनचाच आहे ना?

त्याच राउटरला जोडलेलं दुसरं काहीही घ्या आणि नेट तुटेल त्या क्षणी तिथे काय होतं ते पाहा. फोनवर तपासत असाल तर मोबाइल डेटा बंद करा. नाहीतर वायफाय मेल्यावर फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं की राउटर ठीक आहे.

दोन्हीकडे एकाच वेळी जात असेल तर इथेच थांबा. दोष राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे, लिनक्समध्ये कितीही बदल केले तरी तो जाणार नाही. सेवा पुरवठादाराला कळवा.

दिवे आणि केबल

मशीनच्या मागे लॅन पोर्टवर छोटे दिवे असतात. एकही पेटत नसेल, तर संगणक आणि राउटर यांची विजेच्या पातळीवरच ओळख झालेली नाही आणि त्याच्या वरचं काहीही तपासण्यात अर्थ नाही. टर्मिनलमध्ये हेच ‘आयपी लिंक’मध्ये ‘नो-कॅरियर’ या शब्दांनी दिसतं.

आता केबल. हा भाग मी सविस्तर लिहितोय, कारण मी सोडवलेल्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच निघालाय, आणि "केबल तर ठीक आहे, दिवा लागतोय की" हे वाक्य सगळ्यात जास्त दिशाभूल करतं.

लॅन केबलमध्ये ८ तारा असतात, दोन-दोनच्या ४ जोड्या. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या लागतात: १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवरच्या. गिगाबिटला चारही लागतात. गंमत अशी की जोडणी सुरू होताना दोन्ही टोकं आपापसात जो वेग ठरवतात, तो संवाद पहिल्या दोन जोड्यांवरूनच होतो. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी हा संवाद सुरळीत पार पडतो, "चला, गिगाबिट" असं ठरतं, आणि प्रत्यक्ष गिगाबिट सुरू करायला गेलं की कोसळतं. मग पुन्हा संवाद, पुन्हा कोसळणं. बाहेरून हे ‘नेट येतं-जातं’ असं दिसतं. काही कार्डं दोन-चार प्रयत्नांनंतर शहाणपणाने १०० वर उतरतात. तेव्हा नेट स्थिर होतं, पण वेग दहावा हिस्सा. पहिलं आणि तिसरं लक्षण म्हणजे अनेकदा एकाच तुटक्या तारेची दोन रूपं असतात.

तपासायला ‘सूडो ईथटूल ईएनपी३एस०’ चालवा. वेगाच्या ओळीत १००० हवं, आणि डुप्लेक्सच्या ओळीत ‘फुल’, म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी. राउटरचा पोर्ट गिगाबिटचा असूनही १०० दिसत असेल तर केबलवर संशय घ्या. (काही जुन्या राउटरचे पोर्ट मुळातच १०० चे असतात. ते आधी बघून घ्या, उगाच केबलला दोष नको.)

दुसरी चाचणी मला फार आवडते. एका खिडकीत ‘जर्नलसीटीएल -के -एफ’ चालू ठेवा. कर्नलचे संदेश जसे येतील तसे दिसत राहतील. आता केबल दोन्ही टोकांशी हलक्या हाताने हलवा. प्लगच्या मानेशी हलवल्याबरोबर ‘लिंक इज डाउन’ अशी ओळ आली, तर निदान झालं. प्लगची प्लॅस्टिकची चिमटी तुटलेली असेल तरी केबल बदला. चिमटीशिवाय प्लग पोर्टमध्ये दिसतो बसल्यासारखा, पण उष्णतेने आणि कंपनाने हळूहळू बाहेर सरकतो.

तिसरी, ‘आयपी -एस लिंक’. यात आलेल्या आणि गेलेल्या पॅकेटांखाली ‘एरर्स’ हा आकडा असतो. निरोगी जोडणीत तो शून्य किंवा जवळपास शून्य राहतो. मोठी फाइल उतरवताना तो वाढत राहत असेल तर तारांमधून येणारा मजकूर वाटेत बिघडतोय.

केबल बदलून बघा, आणि त्याबरोबर राउटरवरचा पोर्ट मात्र बदलू नका. तो नंतर, वेगळा बदल म्हणून. नवी केबल किमान कॅट-५ई प्रतीची हवी. एका सलग तुकड्याची कमाल लांबी १०० मीटर आहे, घरात तिचा प्रश्न सहसा येत नाही. प्रश्न येतो तो दाराच्या फटीत चिरडलेल्या आणि खुर्चीच्या चाकाखाली गेलेल्या केबलचा.

आणि हो, "वेग हाताने १०० वर पक्का करून टाका" हा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेलच. फक्त एका टोकाला तसं करू नका. समोरचं टोक स्वयंचलित असेल, तर त्याला वेग कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, आणि नियमानुसार ते हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतं. मग एक बाजू फुल, एक बाजू हाफ. जोडणी दिसते ठणठणीत, पण जरा भार आला की रडत चालते. मूळ दोषापेक्षा हा दुसरा दोष शोधायला जास्त दिवस जातात.

वीज पूर्ण काढून घेणं

मशीन बंद केलं तरी लॅन कार्ड पूर्ण बंद होत नाही. नेटवर्कवरून मशीन जागं करण्याची सोय चालावी म्हणून त्याला थोडी वीज मिळतच राहते. त्यामुळे कार्डाच्या आतली अडकलेली अवस्था नुसत्या रीस्टार्टने जात नाही. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर हे जास्त दिसतं: विंडोज बंद होताना कार्डाला कमी विजेच्या अवस्थेत सोडून जातं आणि नंतर सुरू झालेल्या लिनक्सला ते कार्ड नीट उठवता येत नाही.

मशीन बंद करा, वीज पुरवठ्याची वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, अर्धा मिनिट थांबा, मग जोडा. यानंतर नेट नीट चाललं, पण विंडोज वापरून आल्यावर पुन्हा गेलं, तर विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. तिथल्या लॅन ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये बंद अवस्थेतून जागं करण्याचा पर्याय दिसत असेल तर तोही बंद करा.

घड्याळ बघा

वीज काढल्यानंतर लगेच ही तपासणी करा, कारण हीच तिची योग्य वेळ आहे. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवा किंवा नुसतं पडद्यावरच्या तारखेकडे बघा. तारीख मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय.

याचा नेटशी काय संबंध, असं वाटेल. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मशीनला जर वाटत असेल की आज दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे, तर जगातली बहुतेक सगळी प्रमाणपत्रं त्याच्या दृष्टीने अजून लागूच झालेली नाहीत. पिंग जातो, साइट उघडत नाही. सहसा लिनक्स नेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं, पण नावावरून पत्ता शोधणारी सेवा (डीएनएस) सुरक्षित मार्गाने लावलेली असेल, तर कोंडी होते: वेळ विचारायला सर्व्हरचं नाव शोधायचं, आणि नाव शोधायला आधी वेळ बरोबर हवी.

हा दोष लवकर लक्षात येत नाही, कारण वायर भिंतीत लावलेली असेपर्यंत घड्याळ पुरवठ्याच्या विजेवर चालतं. मुख्य बटण बंद झालं किंवा वीज गेली की त्यानंतरच्या बूटलाच तो दिसतो. सेल सीआर२०३२ प्रकारचा असतो, ३ व्होल्टचा. वायर काढून, धातूच्या कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडून मग बदला. ज्यांनी कधी कॅबिनेट उघडलेलं नाही त्यांनाही जमण्यासारखं हे काम आहे. मात्र सेल बदलल्यावर बायोसच्या (बोर्डावरच्या मूळ प्रणालीच्या) सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात, म्हणून आधी त्या पानांचे फोटो काढून ठेवा.

तीन पिंग

दिवे लागलेत, केबल बरी आहे, तारीख बरोबर आहे, तरी चालत नाही. आता कुठल्या टप्प्यावर अडतंय ते तीन प्रश्नांत कळतं.

‘आयपी रूट’ चालवा. ‘डिफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या ओळीत राउटरचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ सारखा. अशी ओळच नसेल तर पिंग करायच्या आधी खालच्या ‘एकच पत्ता दोघांना’ या भागाकडे जा. ओळ असेल तर पहिला पिंग त्या पत्त्याला. दुसरा १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ला. तिसरा कुठल्याही साइटच्या नावाला.

पहिलाच अडला तर दोष तुमच्या मशीन आणि राउटरच्या मधला. पहिला गेला, दुसरा अडला तर राउटरच्या पलीकडचा. पहिले दोन गेले आणि तिसरा अडला तर नेट चालू आहे, फक्त नावाचा पत्ता सापडत नाही. अशा वेळी ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ने कुठला नाव-सर्व्हर वापरात आहे ते बघा. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसलं तर घाबरू नका. तो मशीनमधल्याच मदतनीस सेवेचा पत्ता आहे आणि तो तसाच असायला हवा. ती फाइल हाताने बदलून तिला बदल-बंदी लावण्याचा जुगाड कृपया करू नका. आज चालतो, पण पुढे व्हीपीएन लावलं किंवा मशीन दुसऱ्या नेटवर्कवर नेलं की तीच बंदी आडवी येते, आणि तोवर ती लावल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं.

तिन्ही पिंग जातात, तरी काही साइट लटकतात? मग पॅकेटचा आकार बघा. नेहमीची मर्यादा १५०० बाइट असते, पण पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत ८ बाइट वेष्टनात जातात आणि १४९२ उरतात. पिंगमध्ये तुकडे करण्याला मनाई करून १४७२ बाइटचा मजकूर पाठवा. २८ बाइट शीर्षकांचे धरून तो १५०० होतो. तो अडला आणि १४६४ चा गेला, तर जोडणीच्या सेटिंगमध्ये एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) १४९२ करा. खरं तर हे राउटरमध्येच दुरुस्त व्हायला हवं, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांचा प्रश्न सुटतो.

जुना कर्नल, आणि लाइव्ह यूएसबी

दोष अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ग्रबच्या (बूट होताना येणाऱ्या) यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन मागच्या कर्नलने बूट करा. काही मोडत नाही, काही टाकावं लागत नाही, आणि दोन मिनिटांत उत्तर मिळतं. जुन्यावर चालतंय म्हणजे हार्डवेअर निर्दोष.

अपडेटशी संबंध दिसत नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून (न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवरून) मशीन चालू करा आणि तासभर नेट वापरा. माझ्या मते या सगळ्या यादीतली ही सर्वांत मोलाची चाचणी आहे, आणि लोक ती सर्वांत शेवटी करतात. तेच मशीन, तीच केबल, तोच राउटर. बदललं फक्त सॉफ्टवेअर. तिथे नेट टिकलं तर दोष तुमच्या बसवलेल्या प्रणालीच्या मांडणीत आहे, पुढचे तीन भाग वाचा. तिथेही तुटलं तर ते भाग सोडून थेट कर्नलच्या नोंदींकडे जा.

एकच पत्ता दोघांना

‘आयपी ए’ चालवून तुमच्या कार्डाला पत्ता मिळालाय का ते बघा. पत्ता नसेल, किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता आलेला नाही. अशा वेळी जोडणी बंद-चालू करा आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पत्ता ‘स्वयंचलित’ आहे का ते तपासा.

पत्ता आहे, पण दुसऱ्या लक्षणासारखं येतं-जातं होतंय, तर एकाच पत्त्यावर दोन उपकरणं बसली असण्याची शक्यता मोठी. एका घरी रोज संध्याकाळीच नेट बिघडायचं. सकाळभर काही नाही. डेस्कटॉपला कोणीतरी हाताने पक्का पत्ता दिला होता आणि तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातला होता. संध्याकाळी घरी येणाऱ्या एका फोनला राउटर नेमका तोच पत्ता देत होता. मग राउटरच्या लेखी त्या पत्त्यावर कधी फोन, कधी डेस्कटॉप. जो शेवटचा बोलला त्याच्याकडे पॅकेट जाणार. डेस्कटॉपवर दिसायचं असं, की नेट चाळीस सेकंद आहे, वीस सेकंद नाही.

पकडायला ‘एआरपिंग -डी’ ही आज्ञा तुमच्याच पत्त्यावर चालवा. दुसरं कोणी उत्तर दिलं की सापडलं. कायमचा पत्ता हवाच असेल तर तो डेस्कटॉपवर पक्का करण्याऐवजी राउटरमध्ये त्या कार्डाच्या मॅक पत्त्यासाठी (कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकासाठी) राखून ठेवा. वाटप करणारा एकच असला की भांडण होत नाही.

कार्डाचं नावच बदललं

चौथ्या लक्षणाचं हे मुख्य कारण, आणि पहिल्यांदा भेटतं तेव्हा अगदी चक्रावून टाकतं. ग्राफिक्स कार्ड बसवलं म्हणून नेट का जावं?

पूर्वी कार्डांना ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावं मिळायची. कर्नलला जे आधी सापडेल ते शून्य. २०१३ पासून सिस्टमडीने (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रणालीने) स्थानावरून नाव देण्याची पद्धत आणली. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे इथरनेट, पीसीआयचा ३ क्रमांकाचा बस, त्यावरचा ० क्रमांकाचा स्लॉट. नाव हार्डवेअरच्या जागेला बांधलेलं. पण बसचे क्रमांक बोर्डावर छापलेले नसतात. बूट होताना मोजणी होते आणि त्या क्रमाने ते वाटले जातात. मध्येच नवं कार्ड किंवा एनव्हीएमई एसएसडी आली की तिच्या पुढच्या सगळ्यांचे क्रमांक एकेकाने सरकतात, आणि कालचं ‘ईएनपी३एस०’ आज ‘ईएनपी४एस०’ होतं. कार्ड ठणठणीत आहे, ड्रायव्हर चालू आहे, पण तुमची मांडणी जुन्या नावाची वाट बघत बसलेली असते. बूट होताना मशीन जे दोन मिनिटं अडकतं, ते बऱ्याचदा हेच वाट बघणं असतं. सिस्टमडीच्या नेटवर्कची वाट पाहणाऱ्या सेवेची मूळ मर्यादा १२० सेकंदांची आहे.

‘आयपी लिंक’मधलं नाव आणि मांडणीतलं नाव शेजारी ठेवून बघा. डेबियनवर जुन्या पद्धतीची ‘इंटरफेसेस’ फाइल, उबुंटूवर नेटप्लॅनच्या फाइली, इतरत्र नेटवर्कमॅनेजरची जोडणी. नाव दुरुस्त केलं की नेट लगेच येतं, पण पुढचं कार्ड बसवलं की पुन्हा जाईल. टिकाऊ उपाय म्हणजे जोडणी मॅक पत्त्याला बांधणं, कारण तो कार्डासोबत जातो. नेटवर्कमॅनेजरमध्ये जोडणीतली उपकरणाच्या नावाची जागा रिकामी ठेवून मॅक पत्ता भरा. किंवा सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये एक ‘.लिंक’ फाइल करून त्या मॅक पत्त्याच्या कार्डाला स्वतःचं नाव द्या, ‘लॅन०’ सारखं. तिथे ‘ईटीएच०’ हे नाव देऊ नका. कर्नल स्वतः ते वापरतो आणि दोघांची टक्कर होते.

दोन मालक

‘एनएमसीएलआय डिव्हाइस’मध्ये तुमच्या कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ दिसतंय का? मग नेटवर्कमॅनेजरने ते कार्ड दुसऱ्या कोणासाठी सोडून दिलंय. डेबियनवर ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये कार्डाचं नाव असलं की असंच होतं. याच्या उलट, सिस्टमडी-नेटवर्कडी आणि नेटवर्कमॅनेजर दोघंही एकाच कार्डावर हक्क सांगत असतील तर एकाने लावलेला पत्ता दुसरा काढतो. एकच ठेवा. डेस्कटॉपसाठी नेटवर्कमॅनेजर सोयीचा. दुसऱ्याला ‘सिस्टमसीटीएल डिसेबल’ने बंद करा, आणि बंद करण्याआधी त्याच्या फाइली जपून ठेवा.

कर्नल काय म्हणतोय

इथून पुढे वेळ जास्त लागतो. पहिली आज्ञा ‘एलएसपीसीआय -एनएनके’. यात इथरनेट कार्डाची ओळ शोधा. तीन शक्यता आहेत.

कार्ड यादीतच नाही: बायोसमध्ये जाऊन बोर्डावरचं लॅन चालू आहे का बघा. चालू असून दिसत नसेल तर कार्ड गेलं असं समजा.

कार्ड आहे, पण ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही: ड्रायव्हर लागलेला नाही. तुम्ही बाहेरून आणलेला ड्रायव्हर वापरत असाल तर कर्नल अपडेटनंतर तो पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस हे काम आपोआप करतं. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल नाकारतो आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश येतो. शक्य असेल तिथे कर्नलसोबत येणारा ड्रायव्हरच वापरा, निम्मी डोकेदुखी वाचते. नोंदींमध्ये फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) लोड होण्यात ‘एरर -२’ दिसली तर ती फाइलच मशीनवर नाही. वितरणाचं फर्मवेअर पॅकेज टाका. डेबियनच्या अधिकृत माध्यमांवर असं फर्मवेअर २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून येऊ लागलं, म्हणून त्याआधी बसवलेल्या मशीनवर हे तपासाच.

कार्ड आहे, ड्रायव्हर आहे, तरी तुटतं: ‘जर्नलसीटीएल -के -बी’ उघडा आणि तुमच्या कागदावरची वेळ शोधा. इथे त्या कागदाचं चीज होतं. नुसतं ‘लिंक इज डाउन’ आणि ‘लिंक इज अप’ असेल आणि केबल बदलून झाली असेल, तर वीजबचतीवर संशय घ्या. ८०२.३एझेड या मानकाने २०१० मध्ये इथरनेटला शांत वेळात झोपण्याची सोय दिली. दोन टोकांपैकी एक नीट उठत नसेल तर दुवा तुटतो. ‘ईथटूल --सेट-ईईई ईएनपी३एस० ईईई ऑफ’ने ती बंद करून एक दिवस बघा. ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ असा संदेश असेल, किंवा ई१०००ई ड्रायव्हरचा ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’, तर ‘ईथटूल -के’ (इथला के कॅपिटल) वापरून टीएसओ आणि जीएसओ (मोठ्या मजकुराचे पॅकेटांत तुकडे करण्याच्या सोयी) बंद करा. हे काम कार्डाऐवजी प्रोसेसरकडे जातं आणि गिगाबिटपर्यंत आजच्या मशीनला त्याचा भार जाणवत नाही. तरीही नाही जमलं तर कर्नलला ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ (पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत बंद) देऊन एकदा बूट करा.

ईथटूलचे बदल रीस्टार्टनंतर पुसले जातात. चाचणीसाठी ते बरंच आहे. उपाय लागू पडला हे आठवडाभर बघा आणि मगच नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचर फोल्डरमधल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये तो कायमचा लिहा.

दुसरं कार्ड लावून बघणं

यूएसबीला लागणारा लॅन ॲडॉप्टर कोणाकडून तरी दोन दिवस मागून आणा. त्याच केबलने, त्याच राउटरला. त्यावर नेट टिकलं तर बोर्डावरचं कार्ड दोषी. आणि मग तो ॲडॉप्टर किंवा एखादं पीसीआय एक्सप्रेस कार्ड हाच पक्का इलाज. बोर्ड बदलण्याची गरज नसते. नवं लावल्यावर जुनं कार्ड बायोसमधून बंद करा. वेग तपासायचा असेल तर दोन मशीनमध्ये ‘आयपर्फ३’ चालवा. निरोगी गिगाबिट जोडणी साधारण ९४० मेगाबिट दाखवते.

इथे थांबा

पोर्टजवळ जळका वास, काळपटपणा किंवा वाकलेल्या पिना असतील तर मशीन पुन्हा चालू करू नका. वीज कडाडल्यानंतर नेट गेलं असेल तर लाट केबलमधूनच आत आलेली असू शकते आणि राउटर, पोर्ट, बोर्ड तिन्ही तपासावे लागतात. हे काम दुरुस्तीच्या टेबलावरचं आहे.

पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. मशीन मध्येच रीस्टार्ट होतं, कार्ड गरम झाल्यावरच गायब होतं, सोबत यूएसबीही अडखळतं, अशी जोडलक्षणं दिसली तर दोष पुरवठ्यात किंवा बोर्डात असण्याची शक्यता मोठी.

भिंतीतून गेलेली केबल आतून तुटली असेल तर ती टेस्टर घेऊन येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. तोवर जमिनीवरून लांब केबल टाकून दोष तिथेच आहे याची खात्री तुम्ही करू शकता. कार्यालयातलं मशीन असेल तर पत्ता, मॅक किंवा कार्ड यातलं काहीही स्वतः बदलू नका; अनेक ठिकाणी अनोळखी मॅक दिसला की स्विच तो पोर्टच बंद करतो. वॉरंटीतल्या मशीनचं कॅबिनेट उघडण्याआधी अटी वाचा.

दुरुस्तीला नेताना तो कागद सोबत न्या: लक्षण, तुटण्याच्या वेळा, काय काय बदलून पाहिलं आणि त्याचं काय झालं. सोबत ‘एलएसपीसीआय -एनएनके’ आणि त्या दिवसाच्या कर्नल नोंदी एका पेनड्राइव्हवर. लाइव्ह यूएसबीवरही दोष दिसला होता की नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा. समोरच्या जाणकाराचा पहिला प्रश्न बहुधा तोच असेल.